रिपोर्ट कुणाचा? पेशंटचा की अपॉइंटमेंटचा?

मंडळी, दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरबद्दलची एक तक्रार बरेच दिवस मनात आहे. आज लिहूनच टाकतो.

हल्ली बऱ्याच ठिकाणी अपॉइंटमेंट घेतानाच रिपोर्ट अपलोड करता येतात. सोय चांगली आहे, वाद नाही. पण ती फाईल जाऊन चिकटते कुठे? काही सॉफ्टवेअरमध्ये ती पेशंटला न चिकटता फक्त त्या दिवसाच्या अपॉइंटमेंटला चिकटते. बाबांच्या बाबतीत हेच झालं. त्यांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोमवारच्या अपॉइंटमेंटला जोडला होता. डॉक्टरांना काही काम निघालं, सोमवार रद्द होऊन गुरुवार मिळाला. रिपोर्ट मात्र त्या रद्द झालेल्या सोमवारातच अडकून पडला. डॉक्टरांच्या स्क्रीनवर काहीच नाही आणि बाबांना पुन्हा सुई!

प्रश्न नुसत्या सुईचा आणि पैशांचा नाही. क्रिएटिनिनचा एकटा आकडा फारसं सांगत नाही. १.२ बघून सहसा कुणी घाबरत नाही. पण दोन वर्षांपूर्वी तोच ०.८ होता हे शेजारी दिसलं, तर किडनीकडे लक्ष द्यायला हवं हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात येतं. जुना रिपोर्ट जुन्या अपॉइंटमेंटच्या पोटात दडला असेल तर हे दिसणार कसं?

यावर कुणी म्हणेल, सगळे कागद एकत्र ओतले तर डॉक्टरांनी दहा मिनिटांत काय काय बघायचं? बरोबर आहे. म्हणून आजच्या भेटीसाठी जोडलेले रिपोर्ट आधी दाखवा, बाकीचे त्याखाली. पण मालकी पेशंटचीच हवी, अपॉइंटमेंट ही फक्त खूण. ती रद्द झाली तरी फाईल हलता कामा नये. आणि रिपोर्ट लावायचे ते तपासणीच्या तारखेने, अपलोडच्या नव्हे. नाहीतर काल चढवलेला २०१९ चा रिपोर्ट सगळ्यात ताजा म्हणून वर येऊन बसतो. 'स्कॅन ३' असल्या नावांवरून तर काहीच कळत नाही. तपासणीचं नाव आणि तारीख टाकल्याशिवाय फाईल घेऊच नये.

२०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांक मिळतो, तोसुद्धा माणसाला, भेटीला नव्हे. आमच्या आईला हे कधीच कळलं होतं. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत प्रत्येकाची वेगळी फाईल, ताजा कागद वर, जुना खाली. कुठल्या डॉक्टरकडे कधी गेलो होतो याच्याशी त्या पिशवीला देणंघेणं नव्हतं.

आपल्या वाचकांत डॉक्टर आहेत, सॉफ्टवेअरवाले तर ढिगाने आहेत. तुमच्याकडे काय पद्धत आहे? जरूर लिहा. आणि तोपर्यंत, नातेवाईक मंडळी, पिशवी टाकून देऊ नका!