संकल्प आणि नेम

आपल्या भाषेत संकल्प ‘सोडला’ जातो. ताम्हनात पळीभर पाणी पडले की संकल्प झाला, असा या प्रयोगाचा मूळ अर्थ. परंतु पुष्कळांच्या बाबतीत तो लवकरच दुसऱ्या अर्थानेही सुटतो! पाडव्याला पहाटे उठण्याचा निश्चय करावा आणि रामनवमी येईपर्यंत त्याचा विसर पडावा, हा अनुभव घरोघरीचा आहे. शाळेतील मुलाच्या नव्या वहीचे पहिले पान आणि दहावे पान शेजारी ठेवून पाहिले, तरी हाच प्रकार दृष्टीस पडतो. त्याला वळणदार लिहिता येत नाही असे नव्हे. पहिल्या पानाचा उत्साह दहाव्या पानापर्यंत पुरत नाही, इतकेच.

उत्साहाचा स्वभावच ओसरण्याचा. तो ओसरल्यावर कार्य कशाच्या आधारे चालावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या आजीपणजींना ठाऊक होते. चातुर्मासात त्या ‘नेम’ धरीत. काय करावयाचे, केव्हा करावयाचे आणि कोठवर करावयाचे, या तिन्ही गोष्टी नेमात स्पष्ट असत. रोज ठरावीक वाती वळावयाच्या किंवा पोथीचा एक अध्याय वाचावयाचा, आणि कार्तिकी एकादशीनंतर त्याची सांगता करावयाची. आज मन लागते आहे की नाही, हा प्रश्न त्यांत उद्भवतच नसे.

ध्येय मोठे असले म्हणजे हा मार्ग अपुरा पडतो, असे कोणास वाटेल. त्यांनी बडोद्याच्या गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र पाहावे. १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सरदेसाई १८८९ मध्ये श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या नोकरीत शिरले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे व राजपुत्रांना शिकविणे ही त्यांची कामे. इतिहासकार होण्याची प्रतिज्ञा करून ते बडोद्यास आले नव्हते. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी त्यांनी टिपणे काढण्यास आरंभ केला, आणि त्या टिपणांतूनच १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ व १९०२ पासून ‘मराठी रियासत’ यांचे भाग निघाले. हातातील काम मनापासून करता करता त्यांना आपले ध्येय गवसले.

त्यांची ही नोकरी १९२५ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षे चालली. दरबारचे काम, महाराजांबरोबरचे परदेशप्रवास हे सर्व सांभाळून लेखन चालूच राहिले. श्यामकांत हा तरुण मुलगा अकाली गेला. तेही दुःख त्यांनी सोसले. निवृत्तीनंतर कामशेतला राहून त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे संपादन अंगावर घेतले, आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. पुढे ऐंशी वर्षे उलटल्यावर, १९४६ ते १९४८ मध्ये, मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजीतून लिहिला. एवढे काम केवळ उत्साहाच्या भरात होत नसते. एका वेळी एक कागद, एक प्रकरण, एक खंड, अशाच रीतीने ते पुरे होऊ शकते.

सरदेसाई होणे सर्वांना साधणार नाही. परंतु ही रीत उचलण्यास कोणाची हरकत आहे? महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतीलच उदाहरण घेऊ. ‘मुलांना मराठी आले पाहिजे’ असे प्रत्येक आईबापांस वाटते. बडोद्यात मूल शाळेत गुजराती लिहिते, बेळगावात कन्नड शिकते, इंदुरात हिंदीत खेळते. आणि आजोबांचे पत्र मात्र दुसऱ्याने वाचून दाखवावे लागते. येथे इच्छा उदंड आहे, नेम नाही. ‘मराठी आले पाहिजे’ यातून आज सायंकाळी काय करावयाचे, ते कळत नाही. ‘रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाने एक पान मोठ्याने वाचावे आणि रविवारी आजोबांना चार ओळी लिहाव्यात, दिवाळीपर्यंत,’ असे ठरविले की ते कळते. दिवाळीस हिशेब करता येतो, आणि पुढचा नेम अर्ध्या पानाने वाढविता येतो.

एक सूचना मात्र अवश्य ध्यानात ठेवावी. पाहुणे येतील, आजारपण निघेल, नेम चुकेल. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट ओझे लादू नये. त्या ओझ्यानेच पुष्कळ नेम मोडतात. दुसऱ्या दिवशी ठरलेले तेवढेच करावे, पण ते निश्चित करावे. खंड पडणे आणि सोडून देणे यांत पुष्कळ अंतर आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या मनात जे पुष्कळ दिवस घोळत आहे, ते एका ओळीत लिहून पाहावे. त्यात उद्याचे काम आणि त्याची वेळ स्पष्ट दिसत नसेल, तर ती अद्याप इच्छाच आहे, असे समजून ओळ पुन्हा लिहावी.