रिओहा आणि बटाट्याचा रस्सा

आज जरा भांडायचं आहे.

हल्ली प्रत्येक घरात एक तरी वाईनतज्ज्ञ निघतो. स्पेनची रिओहा (हो, लिहिताना जे असलं तरी उच्चार 'हा'च) समोर आली की त्याचं प्रवचन सुरू. घ्यायची तर ग्रान रेसेर्वाच, आणि सोबत तिच्या तोलामोलाचं काहीतरी भारी हवं. मग बाकीची मंडळी आपल्याला यातलं कळत नाही म्हणून गप्प बसतात. माझा राग आहे तो त्यांना असं गप्प बसवणार्‍यांवर.

अहो, खुद्द रिओहात लोक या वाईनबरोबर काय खातात? बटाट्याचा रस्सा! 'पातातास आ ला रिओहाना'. बटाटे, चोरिथो नावाचं डुकराचं सॉसेज, कांदा, लसूण, तमालपत्र आणि सुकवलेली लाल मिरची. बटाटा पूर्ण कापायचा नाही, सुरी अर्धी घालून तुकडा कटकन मोडायचा. त्याने पिठूळपणा सुटतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. आपल्या आज्यांना हे सांगावं लागलं नसतं. दुसरा प्रकार म्हणजे कोकराच्या छोट्या चापा. द्राक्षवेलींची छाटणी झाली की त्या काटक्या जपून ठेवतात आणि त्यांच्याच निखार्‍यावर चापा भाजतात. वरून फक्त मीठ.

आणि 'माशाबरोबर रेड चालत नाही' म्हणणार्‍यांनी खारवलेल्या कॉड माशाचा 'बाकालाओ आ ला रिओहाना' पाहावा. टोमॅटो आणि लाल मिरच्यांत शिजलेला असतो, आणि तिथली माणसं त्याबरोबर खुशाल रेड पितात.

आता ते ग्रान रेसेर्वा प्रकरण. या नावांवरून मुख्यतः एवढंच कळतं की वाईन किती वर्षं थांबवली. रेड क्रिआन्सा किमान 2 वर्षं, रेसेर्वा 3, ग्रान रेसेर्वा 5; त्यातला काही काळ ओकच्या पिंपात. जुन्या पद्धतीच्या रिओहाला जो व्हॅनिलासारखा वास येतो तो द्राक्षाचा नव्हे, अमेरिकन ओकचा. जास्त थांबलेली वाईन नाजूक होते, सुकल्या पानांसारखी, चामड्यासारखी वासाला. तिला त्या चोरिथोच्या रश्श्यापुढे बसवलंत तर ती बिचारी हरवूनच जाईल. तिथे तरुण, फळाच्या चवीची तेंप्रानियोच हवी, आणि तीच स्वस्त असते! हे मात्र तज्ज्ञ सांगत नाहीत.

दुसर्‍या टोकाचे लोकही काही कमी नाहीत. "स्पेनमध्येही मिरची खातात, म्हणजे तांबड्या रश्श्याबरोबर रिओहा फिट!" अजिबात नाही. त्यांची ती चोरिसेरो मिरची गोडसर असते, रंगापुरती, आपल्या ब्याडगीहूनही सौम्य. गोव्याचं चोरिस नावाने चोरिथोचं भावंड, पण त्यात व्हिनेगर आणि झणझणीत मिरची. खर्‍या तिखटावर 14 टक्के अल्कोहोलची वाईन ओतली की आग वाढते आणि टॅनिन जिभेवर खरखरीत लागतं. वाईनही फुकट, रस्साही फुकट. तांबड्या रश्श्याला ताकच बरं, त्यात कमीपणा कसला?

असो. पिणार्‍यांपैकी असाल तर माझ्या मते क्रिआन्साबरोबर आपल्याकडचं सगळ्यात छान जमतं ते विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. धुराचा वास दोघांतही, आणि तेल सढळ हाताने. फक्त हिरवी मिरची बेताची. आणि ते 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातल्या गारठलेल्या घरांचं, 16-18 अंश. पुण्याच्या मे महिन्यातलं नव्हे! बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि कोणी हसलं तर त्याला भरीत वाढू नका :)