दुसऱ्याचे जंतू, आपल्या शिंका

कोयनानगरचा पावसाळा काढलेल्यांना सांगायला नको. भिंतीला बुरशी, अंथरूण दमट, उठल्या उठल्या शिंकांची माळ. अशा वेळी मोबाईलवर ‘आतड्यातले जंतू बदला, ॲलर्जी घालवा’ असा व्हिडिओ आला, की तुम्ही तो शेवटपर्यंत बघणारच.

उपचार खोटा नाही. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. (नाक मुरडलंत ना? साहजिक आहे.) अँटिबायोटिक्सनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर तो चांगलाच लागू पडतो. नेदरलँड्समधल्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच डोसात बरे झाले; ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेने २०२२ मध्ये अशा पहिल्या औषधाला परवानगी दिली, तीही फक्त याच आजारासाठी.

मग ॲलर्जी? शिकागोच्या संशोधकांनी निरोगी बाळांचे आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांचे जंतू, जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांत वेगवेगळे सोडले. निरोगी बाळांचे जंतू मिळालेले उंदीर दुधाच्या तीव्र प्रतिक्रियेपासून वाचले, दुसरे नाही. हे २०१९ चं. म्हणजे संबंध आहे. पण उंदरावर जमलं ते माणसावर जमेलच असं नाही. बॉस्टनमध्ये शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर माणसांत चाचणी झाली, ती जेमतेम १५ जणांवर. काहींना आधीपेक्षा थोडे जास्त दाणे सोसले, इतकंच. शिंका आणि दम्याबाबत तर खात्रीचा पुरावा अजून नाहीच.

आणि धोका? २०१९ मध्येच अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दोघांच्या अंगात गेला. त्यातला एक दगावला. दात्याची ती तपासणीच झाली नव्हती.

दाता कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे आणखी अवघड आहे. पुण्याच्या एनसीसीएसमधले संशोधक भारतीयांच्या आतड्यातल्या जंतूंचा अभ्यास करताहेत. आपल्याकडे प्रिव्होटेला जातीचे जंतू भरपूर, पाश्चात्त्यांत ते बरेच कमी. आपली भाकरी-डाळ त्यामागे असावी असं मानतात. मग तिकडचा ‘निरोगी’ नमुना इकडे जसाच्या तसा कसा लावायचा?

तोवर कराडच्या डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप बंद करू नका. कुणी ‘आमच्याकडे चाचणी चालू आहे’ म्हणत पैसे मागितले, तर नोंदणी क्रमांक विचारा. भारतात अशा चाचण्या सीटीआरआयवर नोंदवाव्या लागतात, आणि तिथं शोधायला एक रुपयाही पडत नाही.