गोंधळ्याला गवई केव्हा म्हणणार?

“तुमच्या धाराशिवकडे संगीत कुठले हो?” हा प्रश्न मला दर दिवाळीला कोणी ना कोणी पाहुणा चकली मोडता मोडता विचारतोच. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात पिचलेला, पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. तिथे गाणे कसले उगवणार, असा त्याचा हिशेब. माझे भांडण या हिशेबाशी आहे.

अशा मंडळींना परदेशची साक्ष लवकर पटते, म्हणून तीच आधी काढतो. अंतोनीन द्वोर्झाक हा बोहेमियातल्या एका खेड्यातील खाटकाचा मुलगा. जन्म १८४१चा. १८७८ साली त्याने ‘स्लाव्ह नृत्ये’ रचली. चाली स्वतःच्या, पण ठेका गावच्या नाचाचा. त्याच ठेक्याने त्याचे नाव युरोपभर झाले. १८९२ साली न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयाने त्याला प्रमुख म्हणून बोलावले. तिथे हॅरी बर्ले या कृष्णवर्णी विद्यार्थ्याच्या तोंडून त्याने गुलामांची भक्तिगीते ऐकली आणि १८९३ साली जाहीर सांगून टाकले, की अमेरिकेचे संगीत उभे राहील ते याच गाण्यांवर. ज्यांना गोरे लोक पंक्तीला घेत नव्हते, त्यांची ही गाणी!

आणि इतके दूर तरी कशाला? त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, ते साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदांच्या चाली पदरात घेऊनच. त्याला आपण नाट्यसंगीत म्हणून डोक्यावर घेतले.

मग तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळ्यानेच काय घोडे मारले आहे? लग्नकार्यानंतर तो अंगणात चौक भरतो, कलश मांडतो, दिवटी पेटवतो. संबळ बोलू लागते, तुणतुणे सूर धरते. आधी नमन, मग गावोगावच्या देवदेवतांना नावे घेऊन आवाहन, मग आख्यान. गद्य-पद्याची वीण घट्ट होत जाते, लय चढत जाते, आणि शेवटी आरती. रात्रभराची ही बांधणी काय आपोआप झाली? पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांनी आणि बोटांनी ती घडवली आहे. आणि आपण? पोरांनी घरात पसारा घातला, की म्हणतो, “काय हा गोंधळ!”

कोणी म्हणेल, हा कुळाचार आहे. त्याला संगीत म्हणून मोजू नका. मग भीमसेन जोशींनी अभंग मैफलीत गायिले, तेव्हा विठोबाला काय उणेपणा आला? आणि कुळाचाराचा एवढा मान असेल, तर डीजेवाल्यापुढे हजारोंच्या नोटा मोजणारे आपले हात गोंधळ्याची बिदागी देतानाच का आखडतात?

उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. गावाच्या नावासाठी एवढे भांडलो, तर गाणाऱ्याच्या नावासाठीही थोडे भांडू. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून स्वरलिपीत बांधल्या; तसे गोंधळाचे स्वर आणि संबळाचे बोल लिहून घ्यावेत, गाणाऱ्याच्या नावासकट. जिल्ह्यातल्या शाळांनी त्याला मास्तर म्हणून बोलवावे आणि मास्तराइतकेच मानधन द्यावे.

वाचकहो, या लग्नसराईत तुमच्या अंगणात संबळ वाजले, तर निदान जेवायच्या वेळेपर्यंत तरी बसा. ही चाल कोणाची आणि ती कोणाकडून शिकलात, एवढे त्या गवयाला विचारा, आणि उत्तर मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा.