चाकोरीबाहेरची चाकोरी

दिल्लीला बदली झाली की महाराष्ट्रातील आप्तेष्ट दोन सूचना हटकून करतात : लोकरीचे कपडे भरपूर न्या आणि हिवाळ्यात पहाटे घराबाहेर पडू नका. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून राजधानीत आलो, तेव्हा पहिली सूचना मी निष्ठेने पाळली. दुसरी मात्र फार काळ पाळता आली नाही. जानेवारीतील एका रविवारी, अंधार असतानाच, कार्यालयातील एका सहकाऱ्याने दारावर थाप मारली आणि मला जाड टायरांच्या सायकलीवर बसवून अरवलीच्या टेकड्यांत नेले. तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र रविवारची सकाळ तेथील खडकाळ रानवाटांवर घालवतो. या छंदाचे कौतुक सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू नाही. त्याने मनात उभा केलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे : ज्या रानावर आपले प्रेम आहे, त्या रानात आपण कितपत शिरावे?

अरवली ही जगातील प्राचीनतम पर्वतरांगांपैकी एक. गुजरातेतून निघून, राजस्थान आणि हरियाणा ओलांडून, सुमारे ७०० किलोमीटरच्या प्रवासाअखेर ती दिल्लीत विसावते. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभे आहे, ती या रांगेचाच एक भाग. दिल्लीतील या टापूला ‘रिज’ म्हणतात. त्यातील सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्र १९९४ मध्ये राखीव वन म्हणून अधिसूचित झाले. मराठी माणसाला हा परिसर अगदीच परका नाही. १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी दिल्लीवर अकस्मात चाल केली, तेव्हा त्यांच्या फौजेची छावणी तालकटोऱ्याजवळ, याच रिजच्या सान्निध्यात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथीलच क्रीडागारात ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनास आलेल्या किती रसिकांनी पलीकडच्या रानाकडे दृष्टी वळवली असेल, कोण जाणे!

डोंगरावर सायकल चालवण्याचा हा खेळ तसा अलीकडचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही मित्रांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली दुरुस्त करून माउंट टमालपैस या डोंगराच्या उतारांवर दौडविल्या आणि त्यातून ‘माउंटन बाईक’ जन्मास आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळास स्थानही मिळाले. मुळात मात्र तो मित्रांच्या टोळीचा खेळ होता आणि आजही तसाच आहे. एकट्याने या वाटांवर जाणे शहाणपणाचे नव्हे. कोणाची चेन तुटते, कोणाचा ब्रेक ऐन उतारावर दगा देतो, कोणी कोपर खरचटून घेतो. अशा वेळी मागे वळून पाहणारा सोबती हवा. आमच्या चौघांत एक निवृत्त शिक्षक आहेत. चढावर ते नेहमीच मागे राहतात; परंतु माथ्यावर पोहोचलेल्याने त्यांच्यासाठी थांबावयाचे, हा आमचा अलिखित नियम. कार्यालयात जी शिस्त परिपत्रके काढूनही अंगी बाणत नाही, ती येथे आपोआप येते.

या वाटांना हिवाळाच मानवतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तर पावसाळ्यात वाटा गवतात बुडतात. डिसेंबरात मात्र गवत वाळते, वाट मोकळी होते आणि सूर्य सात वाजून गेल्यावर सावकाश वर येतो. गुरुग्राम–फरीदाबाद मार्गालगतच्या टेकड्यांत शिरले की दहा मिनिटांत वाहनांचा घरघराट मागे पडतो. पायाखाली लालसर मुरूम आणि धारदार क्वार्टझाइट. बाजूला जुन्या खाणींचे खोल खड्डे, कित्येकांत साचलेले निळेशार पाणी. हे पाणी दिसावयास मोहक, पण अत्यंत खोल व जीवघेणे आहे. तेथे उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

या रानाचा इतिहास आम्हांला प्रथम पंक्चरने शिकवला. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात, ती येथे ‘विलायती कीकर’ म्हणून ओळखली जाते. मूळची अमेरिका खंडातील ही काटेरी वनस्पती विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी रिजवर लावली आणि तिने मूळच्या झाडोऱ्याला हळूहळू हुसकावले. तिच्या काट्यांनी एका सकाळी आमच्या तीन ट्यूबा निकामी केल्या आहेत. याउलट मांगर गावाच्या देवराईत, ‘मांगर बनी’त, धौ वृक्षांचे मूळचे रान आजही टिकून आहे. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी गावातील गुर्जर समाजाने पिढ्यानपिढ्या तेथील फांदीही तोडू दिली नाही. त्या बनीच्या कडेला आम्ही सायकली उभ्या करतो आणि नुसते पाहून परततो.

एवढे शहाणपण आम्हांला पहिल्यापासून होते, असे मात्र नाही. काही वर्षांपूर्वी एका टेकडीवर गुरांची नागमोडी वाट सोडून आम्ही सरळ उतारावरून सायकली सोडावयास लागलो. वेगाची झिंग विलक्षण असते! तो सबंध हिवाळा आम्ही त्याच रेषेवरून उतरलो. पुढील ऑक्टोबरात पुन्हा गेलो, तेव्हा त्या रेषेच्या जागी गुडघाभर खोल घळ पडली होती आणि एका कोवळ्या धौची मुळे उघडी पडली होती. गुरे चारणारे एक वृद्ध गृहस्थ तेथे बसले होते. ‘ताऊ’ म्हणून आम्ही त्यांना रामराम केला. रागाचा लवलेशही न दाखवता त्यांनी सांगितले की, गुरे उतारावरून नेहमी तिरपी चालतात, म्हणून त्यांची वाट टिकते. तुमची चाके सरळ गेली आणि पाणी त्यांच्यामागून गेले.

चाकाने पडलेला चर म्हणजे चाकोरी. आम्ही रोजच्या जीवनाच्या चाकोरीबाहेर पडण्यासाठी रानात जात होतो आणि तेथे आमचीच चाकोरी कोरून येत होतो! त्यानंतरचे दोन रविवार आम्ही सायकली बाजूला ठेवून त्या घळीत आडवे दगड रचण्यात घालवले. पुढील पावसाळ्यानंतर वरच्या तीन बांधांमागे माती धरली होती; खालचे मात्र वाहून गेले होते. मुद्दल गमावणे किती सोपे आणि परत उभे करणे किती दुष्कर असते, हे बँकेत उभी हयात घालवूनही मला तेथे नव्याने कळले.

मग रानात जाणेच थांबवावे काय? काही निसर्गप्रेमी मंडळींचे मत तसे आहे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. असोला–भट्टी अभयारण्यात बिबट्यांचा वावर आहे. तेथे अनुमतीवाचून चाक नेऊच नये. तरीही सरसकट मनाई मला पटत नाही. कोणाच्याच पायाखाली नसलेली जमीन नकाशावर ‘पडीक’ ठरते आणि मग तिच्यावर इमारत, नाही तर कचरा येतो. बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर याच रांगेत उभा आहे. उलटपक्षी, गुरुग्राममधील अरवली जैवविविधता उद्यान पाहावे. खाणकामाने उजाड झालेल्या त्या भूमीवर २०१० पासून नागरिकांनी पुढाकार घेऊन अरवलीचीच मूळची झाडे लावली. आज तेथे रान उभे आहे. ज्यांनी ती जमीन पायाखाली घातली होती, त्यांनाच तिची किंमत कळली.

ही ओळख यापुढे अधिकच निकडीची ठरणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवात येथील अरवलीतील खाणकाम थांबविले. परंतु ‘अरवली’ कशास म्हणावे, हाच वाद पुढे उभा राहिला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने सभोवतालच्या भूमीपासून किमान १०० मीटर उंचीची व्याख्या स्वीकारली आणि लोकांतून विरोध उमटल्यावर २९ डिसेंबर रोजी स्वतःच्याच निर्णयास स्थगिती दिली. दिल्लीजवळच्या टेकड्या बहुतांशी ठेंगण्या आहेत. त्यांची उंची फूटपट्टीने मोजणाऱ्यास त्या क्षुल्लक वाटतील. त्यांवर सायकल चढवणाऱ्यास त्या तशा कधीच वाटणार नाहीत.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. दिल्लीचा हिवाळा हा दूषित हवेचाही ऋतू आहे. श्रम करताना आपण कितीतरी पट अधिक हवा छातीत घेतो. म्हणजे व्यायामच अपायकारक ठरावयाचा. म्हणून हवेचा निर्देशांक २०० च्या पुढे असेल, तर आम्ही चहा पिऊन घरी बसतो. पाऊस पडून वा वारा सुटून हवा निवळली की त्या दिवसाचे सोने करतो. काही हिवाळ्यांत असे रविवार बोटांवर मोजण्याइतकेच लाभले.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : रानात अवश्य जावे, पण मित्रांसमवेत, जुन्या वाटेवरून आणि नवी रेषा न उमटवता. वाट तिरपी असेल तर तिरपेच उतरावे. पाच मिनिटे अधिक लागतील. देवराईच्या कडेला उतरून चालावे. आणि परतल्यावर सोमवारी कार्यालयात, त्या टेकडीचे नाव निदान एका सहकाऱ्यास सांगावे. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या घळीकडे जाणार आहोत. खालचे बांध अजून रचावयाचे आहेत.