गल्ल्यावरची चाळिशी

मुरबाडच्या किंवा शहापूरच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या व्यापाऱ्याचे डोळे दिवसभर निरनिराळ्या अंतरांवर राबत असतात. रोजमेळ हातापाशी, संगणकाचा पडदा त्याच्या पलीकडे, फळीवरचे डबे आणखी पुढे आणि दारातून येणारे गिऱ्हाईक सर्वांत दूर. चष्मा घेताना मात्र चर्चा होते ती फ्रेमची आणि किमतीची.

चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी लागणारा फुगवटा त्याला घेता येत नाही. ही तूट चष्मा भरून काढतो. तिचा हिशेब व्यापाऱ्याला सहज उमगेल असा आहे. दूरचा नंबर नसलेल्याने १०० ला जवळच्या नंबराने भागावे. उत्तर सेंटिमीटरमध्ये येते. दूरचा नंबर असल्यास चिठ्ठीवरील ‘अ‍ॅड’चा आकडा घ्यावा. २.५ चा नंबर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे चोपडीवर, बसतो. ६७ सेंटिमीटरवरच्या पडद्याला १.५ पुरतो. (पन्नाशीत डोळ्याची थोडी लवचीकता शिल्लक असते, तेवढी सूट धरावी.) वाचनाचा चष्मा लावून संगणकापुढे बसणाऱ्याची मान का अवघडते, हे यातून उलगडते.

बायफोकलमध्ये वर दूरचे व खाली जवळचे दिसते. मधले अंतर मात्र बेवारस राहते. प्रोग्रेसिव्ह काचेत नंबर वरून खाली क्रमाने वाढतो, पण तिच्या कडांना धूसरपणा असतो. शिवाय निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर ठेवूनच बाहुलीची उंची मोजावी लागते. दोन-तीन मिलिमीटरची चूकही भोवते. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून चष्मा आणायचा, तर तो नीट बसवून घेण्याच्या खेपाही हिशेबात धराव्यात. दिवसाचा बहुतेक वेळ गल्ल्यावर जाणाऱ्यास केवळ जवळच्या व मधल्या अंतराची काच अधिक सुखाची. ती लावून गाडी मात्र चालवू नये.

खरा धोका पायऱ्यांवर असतो. देरासराची पायरी उतरताना नजर काचेच्या खालच्या भागातून जाते. तो भाग चोपडीसाठी असतो आणि पायरी असते दीड मीटरवर. नियमित बाहेर फिरणाऱ्या वृद्धांनी बाहेर जाताना केवळ दूरच्या नंबरचा चष्मा वापरल्यास पडण्याचे प्रमाण घटते, असे ऑस्ट्रेलियातील २०१० च्या अभ्यासात आढळले. बाहेर क्वचितच जाणाऱ्यांना मात्र ही अदलाबदल मानवली नाही.

लेपांपैकी परावर्तनविरोधी लेप घेण्याजोगा आहे. साध्या काचेवरून सुमारे ८ टक्के प्रकाश वाया जातो आणि रात्री माळशेजच्या रस्त्यावर तो दिव्यांच्या दुहेरी प्रतिमा दाखवतो. ‘ब्लू कट’साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, पडद्यापुढचा थकवा त्याने कमी होत असल्याचे २०२३ च्या मोठ्या आढाव्यात दिसले नाही. मुलांसाठी सहजी न फुटणारे पॉलिकार्बोनेट घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी गल्ल्यावर नेहमीसारखे बसून डोळ्यापासून चोपडी, पडदा व फळी किती दूर आहेत ते टेपने मोजावे आणि ते आकडे नंबराच्या चिठ्ठीमागे लिहून न्यावेत.