विचारल्याशिवाय न सापडणारा आजार

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा असो की लोणार, जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वतःची परिचारिका नाही. आपण परिचारिका तिथे पोहोचतो ते २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतून. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. शाळेला वर्षातून एक फेरी. तपासायच्या आजारांच्या यादीत झटक्यांचे विकारही आहेत. पण वजन काट्यावर दिसतं, किडलेला दात तोंड उघडताच दिसतो, मिरगी मात्र त्या दिवशी दिसत नाही. ती विचारूनच काढावी लागते, आणि हे काम पथकात सिस्टरइतकं चांगलं कोणी करू शकत नाही.

आजाराचं नाव घेऊन विचारलं तर मुलीची आई नाहीच म्हणेल; तिच्या डोळ्यांपुढे मुलीचं लग्न असतं. (हिंदू विवाह कायद्यातली मिरगीची आडकाठी १९९९ सालीच निघाली, हेही तिला आपणच सांगायचं.) म्हणून विचारावं : कधी शुद्ध हरपून पडली का? सकाळी उठल्यावर जीभ चावलेली दिसते का? गुरुजींना विचारावं : बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवणारं मूल वर्गात आहे का? अशा मुलांना ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात.

आजार आधीच माहीत असलेल्या मुलाचं वजन नुसतं नोंदवून पुढे जाऊ नये. औषधाची मात्रा वजनावर ठरते. मूल वाढतं, गोळी दोन वर्षांपूर्वीचीच राहते, झटके परततात आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. मग औषधच बंद होतं, आणि अचानक बंद झालेलं औषध सगळ्यांत घातक. घरचे सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेत असतील तर वाद घालू नये. तिथेही गोळी चुकणार नाही, एवढा शब्द घ्यावा.

शाळेत झटका येईल तेव्हा आपली गाडी दुसऱ्याच गावात असेल. मुलाजवळ असतील गुरुजी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. कांदा, चप्पल, दातांत चमचा, हे सगळं तिथे धावत येतं. त्यांना आपण करून दाखवायचं : डोक्याखाली मऊ कापड, मूल कुशीवर, तोंडात काही नाही, पाणीही नाही, नजर घड्याळावर. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. डॉक्टरांनी नाकात फवारायचं मिडाझोलाम लिहून दिलं असेल तर किती फवारे, हे मुलाच्या नावाच्या कागदावर हवं. तो कागद मुख्याध्यापकांकडे, त्याची प्रत उपकेंद्राच्या एएनएमकडे.

यासाठी शिक्षकांबरोबर अर्धा तास लागतो. एका दिवसात शेकडो मुलं उरकायची असली की तो मिळत नाही. परिचारिकांच्या संघटनांनी फेरीच्या वेळापत्रकातच हा अर्धा तास जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागावा, शाळा उघडण्यापूर्वी.